मुलं घरी सांगत का नाहीत? ऑनलाइन छळ समजून घेताना

वर्गात मुलं 30, वर्गाच्या ग्रुपमध्ये 29. कुणी कुणाला शिवी दिलेली नाही, धमकी नाही, घाणेरडा फोटो नाही. एखाद्या मोठ्या माणसाने तो ग्रुप अथपासून इतिपर्यंत वाचला तरी बोट ठेवावं असं एकही वाक्य त्याला सापडणार नाही. तिसावं मूल मात्र सकाळी वर्गात येतं तेव्हा सगळे आदल्या रात्रीच्या कुठल्यातरी गमतीवर हसत असतात, आणि ती गंमत कशावरून झाली हे विचारायचीही त्याला सोय नसते.

ऑनलाइन छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खोटं नाव घेऊन बसलेला कुणी अनोळखी दुष्ट माणूस. तसे असतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. पण मुलांना सतावणारे बरेचदा त्यांच्या ओळखीचेच निघतात. शेजारच्या बाकावरचे, खेळाच्या टीममधले, कालपर्यंतच्या जिवलग मैत्रिणी. हे एकदा ध्यानात आलं की 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' एवढ्या एका वाक्यावर आपण किती भिस्त ठेवली होती ते जाणवतं.

भांडण आणि छळ

मुलांमधल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने, 1970 च्या दशकात, आधी स्वीडनमध्ये आणि मग नॉर्वेत. 1982 च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि शाळेतला छळ हे त्यामागचं कारण असावं असं समोर आलं. देश हादरला, आणि 1983 मध्ये तिथे शाळांसाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली. ओल्वेउसने छळ ओळखण्यासाठी तीन कसोट्या लावल्या. दुखावण्याचा हेतू आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोघांच्या बळात तफावत आहे का. तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. बरोबरीच्या दोन मुलांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलणं हे भांडण झालं. भांडणात दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवता येतो. छळात तोच उपाय उलटतो, कारण दुबळ्या बाजूच्या मुलाला त्याला छळणाऱ्याच्या समोर बसवून 'बोल, काय झालं' असं विचारलं तर ते 'काही नाही' एवढंच म्हणणार.

या तिन्ही कसोट्या पडद्यावर आल्या की थोड्या वाकतात. 'पुन्हा पुन्हा' याचंच बघा. एका मुलाने एकदाच एक फोटो टाकला. तो चाळीस जणांनी पुढे पाठवला, कुणी त्यावर स्टिकर केला, तो स्टिकर महिनाभर प्रत्येक विनोदाला चिकटत राहिला. पहिल्या मुलाचं म्हणणं, 'मी तर एकदाच टाकला'. ते खरंही आहे, पण ज्याचा फोटो आहे त्याच्यासाठी तो महिनाभर रोज टाकला जात होता. बळाचंही तसंच. इथे दंडाची ताकद लागत नाही. कुणाचे फॉलोअर जास्त, कोण ग्रुपचा ॲडमिन, कुणाकडे कुणाचा जुना चॅट जपून ठेवलेला, खोटं अकाउंट कसं काढायचं हे कुणाला येतं, यावर बळ ठरतं. वर्गातलं सगळ्यात किरकोळ दिसणारं मूलही इथे भारी पडू शकतं.

राहिला हेतू. 'मस्करी होती' हे वाक्य जगातल्या प्रत्येक शिक्षकाने ऐकलेलं आहे. जपानने 2013 मध्ये छळविरोधी कायदा केला तेव्हा या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. ज्या मुलाशी ते वागणं झालं त्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास झाला का, हे त्या कायद्याने पाहायचं ठरवलं, आणि इंटरनेटवरून केलेलं वागणंही त्यात धरलं. घरातही हाच निकष वापरावा असं मला वाटतं. हेतूची चौकशी सावकाश करता येते, दुखलं की नाही हे आधी विचारावं.

छळाचे प्रकार मोजत बसण्यात फारसा अर्थ नाही, दर वर्षी नवा निघतो. शिव्या आणि टोमणे, अफवा, ग्रुपमधून काढणं, दुसऱ्याच्या नावाने अकाउंट उघडून भलतंसलतं लिहिणं, विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्क्रीनशॉट काढून चव्हाट्यावर आणणं, गेममध्ये ठरवून एकालाच मारत राहणं. अलीकडे त्यात एका फार वाईट गोष्टीची भर पडली आहे. कुणाच्याही साध्या फोटोवरून एआयच्या मदतीने खोटे नग्न फोटो बनवले जातात. फोटो खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो पाहिला जातो आणि पाठवला जातो, आणि त्या मुलीला वर्गात यावंच लागतं.

आकडे वेगवेगळे का दिसतात

बातम्यांत कधी 'सहातलं एक मूल' असं येतं, कधी 'निम्मी मुलं'. दोन्ही खरं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2024 मध्ये 44 देश आणि प्रदेशांतल्या 11, 13 आणि 15 वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात 15 टक्के मुलगे आणि 16 टक्के मुलींनी गेल्या काही महिन्यांत आपला ऑनलाइन छळ झाल्याचं सांगितलं. 2018 मध्ये हे आकडे 12 आणि 13 होते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 2022 मध्ये 13 ते 17 वयाच्या मुलांना विचारलं तेव्हा 46 टक्के मुलं 'हो' म्हणाली. फरक प्रश्नात आहे. प्यूने सहा प्रकारची वागणूक समोर ठेवली आणि त्यातलं एक जरी कधीही वाट्याला आलं असेल तर ते धरलं. अपमानास्पद नावाने हाक मारणं हा त्यातला सगळ्यात जास्त आढळलेला प्रकार, 32 टक्के. म्हणजे एका पाहणीने सध्या चाललेला छळ मोजला, दुसरीने आयुष्यात कधीतरी बसलेला चटका.

युनिसेफने 2019 मध्ये 30 देशांतल्या 13 ते 24 वयाच्या एक लाख सत्तर हजारांहून अधिक तरुणांना मोबाइलवरून प्रश्न पाठवले होते. उत्तर देणं ऐच्छिक होतं, त्यामुळे ते आकडे काटेकोर समजू नयेत. पण तिसऱ्या हिश्श्याने छळ झाल्याचं सांगितलं आणि पाचातल्या एकाने त्यापायी शाळा बुडवल्याचं सांगितलं. शाळा बुडवणं हा तपशील मला जास्त बोलका वाटतो. त्रास मोबाइलवर होतोय आणि मूल टाळतंय शाळा.

याचं कारण ओल्वेउसनेच 2012 च्या एका लेखात मांडलं होतं. ज्यांचा ऑनलाइन छळ होतो त्यांतल्या बहुतेकांचा शाळेतही, समोरासमोर छळ होत असतो, असं त्याला त्याच्या मोठ्या पाहण्यांत दिसलं होतं. ऑनलाइन छळाची साथ आली आहे अशी जी हाकाटी चालते ती अतिशयोक्त आहे, असं त्याचं मत होतं. या मतावर पुष्कळ वाद झाला आणि ते लिहिलं गेलं त्यानंतर मुलांच्या हातातला मोबाइलही पुष्कळ बदलला. तरी त्यातला गाभा टिकून आहे असं मी म्हणेन. पडद्यावर जे दिसतं ते बहुधा वर्गातल्या, मैदानातल्या, बसमधल्या नात्यांचंच पुढचं पान असतं. त्यामुळे नुसतं ॲप बंद करून ते संपत नाही.

पडद्यामुळे काय बदलतं

समोरासमोर कुणाला बोचरं बोललं की त्याचा चेहरा उतरलेला दिसतो. बहुतेक मुलं तिथे थांबतात. मेसेज पाठवणाऱ्याला तो चेहरा दिसत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये याची नीट मांडणी केली. आपण दिसत नाही, ओळखले जात नाही, उत्तर लगेच येत नाही, आणि हे सगळं खऱ्या जगाबाहेरच्या खेळासारखं वाटतं, त्यामुळे माणूस एरवी बोलणार नाही ते लिहून जातो. हे मोठ्यांनाही लागू आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर ते रोज पाहायला मिळतं. फक्त चौदाव्या वर्षी मेंदूतला लगाम अजून तयार होत असतो आणि मित्रांसमोर भाव खायची ओढ सगळ्यात तीव्र असते.

दुसरा बदल वेळेचा. पूर्वी शाळा सुटली की निदान दुसऱ्या दिवसापर्यंत सुटका होती. आता उशाशी मोबाइल असतो. तिसरा बदल प्रेक्षकांचा. किती जणांनी पाहिलं ते नेमकं कळत नाही, त्यामुळे छळलं गेलेलं मूल गृहीत धरतं की सगळ्यांनीच पाहिलंय.

आणि काहीच न करता केलेला छळ? ग्रुपबाहेर ठेवण्याने खरंच इतकं लागतं का? किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2000 साली इंटरनेटवर एक साधा खेळ ठेवला. पडद्यावर तिघे एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघे तिसऱ्याकडे चेंडू टाकणंच बंद करतात. 62 देशांतले जवळपास दीड हजार लोक तो खेळले. समोरचे खेळाडू कोण आहेत हे ठाऊक नाही, पुन्हा कधी भेटणार नाहीत, पणाला काहीही लागलेलं नाही, आणि तरी वगळल्या गेलेल्यांचा मूड बिघडला, आपण कुणाचेतरी आहोत ही भावना खालावली. नंतरच्या एका प्रयोगात लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे. तरीही लागलं! तेव्हा ग्रुपमधून काढल्याबद्दल रडणाऱ्या मुलाला 'एवढंसं काय मनाला लावून घेतोस' म्हणण्याआधी हा चेंडू आठवावा.

मग घरी का सांगत नाहीत

माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे. छळ कसा ओळखावा, कुठे तक्रार करावी, सेटिंग काय ठेवावी, ही सगळी माहिती मुलाने तोंड उघडल्यानंतरची. आणि तोंड न उघडण्याची त्याची कारणं मूर्खपणाची नसतात, उलट चांगलीच हिशेबी असतात.

पहिलं कारण म्हणजे मोबाइल जाईल. मोठ्यांना हा उपाय वाटतो. मुलाच्या बाजूने पाहा. छळ त्याचा झाला, आणि शिक्षाही त्यालाच झाली. शिवाय जे दोन-तीन खरे मित्र त्याला रात्री धीर देत होते तेही त्याच मोबाइलमध्ये होते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी ते मूल सांगणार नाही, आणि त्याची धाकटी बहीणही नाही, कारण तिने ते पाहिलेलं असतं.

दुसरं, बहुतेक प्रकरणांत मुलाचाही काहीतरी पाय अडकलेला असतो. वय खोटं सांगून अकाउंट उघडलेलं असतं. त्यानेही उलट शिवी घातलेली असते. कुणावर जीव जडला म्हणून पाठवू नये तो फोटो पाठवलेला असतो. छळणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, आणि 'घरी सांगितलंस तर तुझंही सांगेन' एवढं म्हटलं की काम भागतं.

तिसरं, मोठे लोक घोळ वाढवतील ही भीती. आई चिडून वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकेल, बाबा थेट त्या मुलाच्या घरी फोन लावतील, आणि उद्या शाळेत आपलं काय होईल याचा विचार कुणी करणार नाही. ही भीती अनेकदा खरी ठरते, हे कबूल करायला हवं. चौथं म्हणजे लाज. जे वाचून रडू आलं ते आईवडिलांना वाचायला द्यायचं, म्हणजे आपल्याला जाडी, काळी, बावळट किंवा आणखी काय काय म्हटलं गेलं ते त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारायचं.

म्हणून तयारी आधी करावी लागते, काही घडलेलं नसताना. एक वचन द्यावं आणि ते सोप्या शब्दांत द्यावं: 'तू मला असं काही सांगितलंस तर त्यासाठी तुझा मोबाइल जाणार नाही. तुझी काही चूक असली तरी आधी तुझी बाजू घेईन, चुकीचं नंतर बघू. आणि तुला न विचारता मी कुणाला फोन करणार नाही.' शेवटच्या वाक्याला एक अपवाद ठेवावा लागतो आणि तो तेव्हाच सांगून टाकावा. जिवाला धोका असेल किंवा कुणी मोठा माणूस यात असेल तर मी गप्प बसणार नाही. हे वचन मोडायचं नाही, कितीही राग आला तरी. ते एकदाच मोडता येतं.

मूल बोलत नसलं तरी खुणा दिसतात. मेसेजचा आवाज आला की दचकणं, कुणी जवळ आलं की पडदा उलटा करणं, आवडीचं अकाउंट अचानक बंद करणं, सोमवारी सकाळी पोटात दुखणं, झोप उडणं, ज्या मैत्रिणीचं नाव दिवसातून दहा वेळा यायचं ते येणंच थांबणं. यातली एकेक गोष्ट किशोरवयात तशीही घडते, म्हणून एका खुणेवरून उलटतपासणी सुरू करू नये. दोन-तीन एकदम दिसल्या तर विचारावं, आणि समोर बसवून नाही, तर शेजारी चालताना, गाडीत, भांडी आवरताना. डोळ्याला डोळा नसला की मुलं जास्त बोलतात.

मूल 'मला जगायचंच नाही', 'मी नसलेलंच बरं' असं बोलू लागलं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर आडून विचारू नये. 'तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?' असं स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उत्तर होकारार्थी किंवा संदिग्ध आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. आत्महत्येमागे बहुधा एकच कारण नसतं, आणि छळ होणारी बहुतेक मुलं त्यातून बाहेर येतात, हेही लक्षात असू द्यावं.

सांगितल्यानंतर

पहिले पाच मिनिटं फक्त ऐकायचं. 'तू त्याला काय बोलला होतास?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येता कामा नये. मग पुरावा. चिडून सगळं डिलीट करण्याची मुलांची आणि पालकांचीही पहिली इच्छा असते, ती आवरावी. स्क्रीनशॉट घ्यावेत, त्यांत तारीख, वेळ आणि अकाउंटचं पूर्ण नाव दिसायला हवं. पोस्ट असेल तर तिची लिंकही लिहून ठेवावी, कारण दाखवायचं नाव कधीही बदलता येतं. एक सावधगिरी मात्र महत्त्वाची. अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो पुरावा म्हणूनही कॉपी करू नये, कुणाला पाठवू नये. अनेक देशांत तो जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. कुठल्या अकाउंटवर, कधी, काय दिसलं ते लिहून ठेवावं आणि पोलिसांकडे जावं.

असा फोटो 18 वर्षांखालच्या कुणाचा असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, आणि ती इतर देशांतूनही वापरता येते. यात फोटो कुणाकडे पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोपासून आकड्या-अक्षरांची एक खूण तयार होते, फक्त ती खूण सहभागी कंपन्यांना दिली जाते, आणि त्यांच्याकडे तोच फोटो आला तर तो ओळखून काढता येतो. खुणेवरून फोटो परत बनवता येत नाही. सगळ्या कंपन्या यात नाहीत, आणि खाजगी, कुलूपबंद मेसेजमधलं यात पकडलं जात नाही, पण नाव न सांगता करता येण्यासारखं हे एक ठोस काम आहे.

ब्लॉक करणं सोपं वाटतं आणि मुलं ते टाळतात. कारण समोरच्याला ते कळतं, आणि उद्या वर्गात 'मला ब्लॉक केलंस?' हा नवा तमाशा सुरू होतो. इन्स्टाग्रामने 2019 मध्ये 'रिस्ट्रिक्ट' नावाची सोय आणली ती याच अडचणीसाठी. त्या व्यक्तीच्या कमेंट तुम्ही मान्य केल्याशिवाय फक्त तिलाच दिसतात, मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात, आणि तिला पत्ता लागत नाही. अनेक ॲपमध्ये 'म्यूट'चाही असाच उपयोग होतो. कोणतं बटण दाबायचं हे मुलाने ठरवावं, कारण उद्या वर्गात त्याला बसायचं आहे. उलट उत्तर देऊ नये हा सल्ला जुना असला तरी बरोबर आहे. छळणाऱ्याला प्रतिक्रियाच हवी असते, आणि उलट घातलेल्या शिवीचा स्क्रीनशॉट त्याच्याकडेही जातो.

आता तो अनोळखी माणूस. कुणी फोटो मिळवून पैसे मागत असेल, आणखी फोटो मागत असेल, तर तो वर्गातला छळ नाही. ती खंडणी आहे, आणि तिच्यामागे बहुधा सराईत लोक असतात. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. पैसे द्यायचे नाहीत, बोलणं तोडायचं, काही पुसायचं नाही, पोलिसांकडे जायचं. अशा सापळ्यात मुलगेही मोठ्या संख्येने अडकतात, आणि 'मुलग्याला काय होतंय' या समजुतीमुळे ते सगळ्यात उशिरा सांगतात.

बघणारे उरलेले

1990 च्या दशकात फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी दाखवून दिलं की वर्गातल्या छळात दोनच पात्रं नसतात. छळणाऱ्याला मदत करणारे असतात, हसून त्याला चढवणारे असतात, बाजूला सरकणारे असतात, आणि थोडे छळलेल्याची बाजू घेणारे. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणांत, जी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली, छळाच्या 88 टक्के प्रसंगी इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगी. पण मध्ये पडण्याच्या निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला.

दहा सेकंद! कुठल्याही शिक्षकाला, कुठल्याही ॲपला हे जमणार नाही. म्हणून छळ होणाऱ्या मुलाला 'खंबीर हो' म्हणण्यापेक्षा बाकीच्या अठ्ठावीस जणांशी बोलणं जास्त कामाचं. त्यांना शूरवीर व्हायला सांगू नये, ते घाबरतात, आणि उद्या आपला नंबर लागेल ही त्यांची भीती रास्त आहे. छोट्या गोष्टी सांगाव्यात. लाइक करू नकोस. पुढे पाठवू नकोस. ग्रुपमध्ये विषय बदल, गृहपाठाचं काहीतरी विचार. आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याला वेगळा मेसेज टाक: 'ते वाचलं. मला ते आवडलं नाही.' एवढ्याने त्या मुलाच्या डोक्यातलं 'सगळेच त्यांच्या बाजूने आहेत' हे गणित चुकीचं ठरतं. ॲडमिन असलेल्या मुलाला त्याच्या हातात काय आहे तेही सांगावं, बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो.

याच पायावर तुर्कू विद्यापीठाने 'किवा' हा कार्यक्रम उभा केला आणि 2009 पासून तो फिनलंडच्या शाळांत देशभर पसरला. त्यात नेहमीच्या तासाला सगळ्या वर्गाशी बघ्यांच्या भूमिकेवर काम होतं, आणि प्रकरण घडलं की शिक्षकांचा छोटा गट आधी छळलेल्या मुलाशी आणि मग छळणाऱ्यांशी वेगवेगळं बोलतो. शिवाय वर्गात मान असलेल्या दोन-चार मुलांना बोलावून 'याला साथ द्याल का' असं विचारलं जातं. शाळेकडे तक्रार घेऊन जाल तेव्हा 'दोघांना बोलावून समज देतो' या उत्तरावर समाधान मानू नका. पुढच्या आठवड्यात कोण लक्ष ठेवणार, मुलाने त्रास झाला तर कुणाकडे जायचं, पुन्हा कधी भेटायचं, हे विचारून लिहून घ्या.

सरकारांनाही आता काहीतरी करून दाखवायची घाई झाली आहे. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी आहे. बाकी कारणांसाठी ती योग्य असेल. पण व्हॉट्सॲपसारखी मेसेजची ॲप त्या बंदीबाहेर आहेत, आणि 29 मुलांचा तो ग्रुप तिथेच असतो. मुलाच्या फोनवर गुपचूप नजर ठेवणारी ॲप बसवण्याबद्दलही मला शंका आहे. लहान मुलाच्या फोनवर, त्याला सांगून, काही मर्यादा घालणं वेगळं. पंधरा वर्षांच्या मुलीला चोरून वाचलं आणि तिला ते कळलं, तर ती दुसरं अकाउंट उघडेल, आणि खऱ्या अडचणीच्या दिवशी तुमच्याकडे येणार नाही.

आपलंच मूल छळणारं निघालं तर

या विषयावरचं सगळं लिखाण छळलेल्याच्या आईवडिलांसाठी असतं. पण युरोपातल्या त्याच पाहणीत 12 टक्के मुलांनी आपण दुसऱ्याला ऑनलाइन छळल्याचं कबूल केलं होतं, म्हणजे साधारण आठात एक. तेव्हा शाळेतून येणारा फोन कधीतरी आपल्यालाही येऊ शकतो. आणि तो आला की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, 'माझं मूल असं करणारच नाही.' ते वाक्य गिळावं. मुलालाही लगेच नराधम ठरवू नये. छळणाऱ्यांपैकी बऱ्याच मुलांचा स्वतःचाही कुठेतरी छळ झालेला असतो, आणि काही जण गटातून बाहेर फेकले जाऊ नये म्हणून हसत सामील झालेले असतात. कारण समजून घ्यावं, पण त्याला सबब होऊ देऊ नये.

त्याने लिहिलेलं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावं. हे ऐकायला साधं वाटतं, पण बोटांनी सहज लिहिलेलं तोंडाने उच्चारताना बहुतेक मुलं अडखळतात. मग दुरुस्ती, आणि ती झालेल्या नुकसानाच्या मापाची. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये अपमान केला आणि माफी खाजगीत मागितली, तर हिशेब जुळत नाही. पोस्ट काढायची, ज्यांना पाठवली त्यांना ती काढायला सांगायचं, 'मी लिहिलं ते खोटं होतं' हे त्याच ग्रुपमध्ये लिहायचं. त्याआधी छळलेल्या मुलाला हे चालेल का, हे शाळेमार्फत विचारून घ्यायचं, कारण त्याला तो विषय पुन्हा उघडायचा नसेल तर आपल्या मुलाच्या मनावरचं ओझं उतरवण्यासाठी तो उघडू नये. इथे मात्र मोबाइलवर काही काळ मर्यादा घालणं योग्य आहे, कारण इथे ती ज्याने केलं त्याला लागू होते. तिची मुदत आणि ती कशी उठेल हे पहिल्याच दिवशी सांगावं. दोन आठवड्यांनी, आणि मग महिन्याभराने, शाळेला पुन्हा फोन करून विचारावं की त्या दुसऱ्या मुलाचं कसं चाललं आहे.